गुवाहाटी ते पुणे, सव्वातीन तास

...आणि मग हिंदुरावानं त्या ड्रायव्हरला गाडीतून खाली उतरवलं, स्टॅण्डावरच्या घड्याळाखाली उभं केलं आणि म्हणाला, "वाच. मोठ्यानं वाच." काल इथवर आलो होतो आपण, मध्येच जेवायची हाक आली आणि राहिलं. तर त्या ड्रायव्हरनं वाचलं, "सहा वाजून चार मिनिटं."

"आन् सुटायची येळ?"

"सहा."

"मंग ही चार मिन्टं कुनाच्या बापाची?"

सगळ्या स्टॅण्डावर हशा पिकला. गाडी सुटली ती सहा वाजून दहा मिनिटांनी, कारण बाकीची मिनिटं घड्याळ वाचण्यात गेली. पण हे त्याला सांगायची छाती कुणाची नव्हती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द. हिंदुराव पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावातला, माझ्याच गल्लीतला. एस.टी.त कंट्रोलर होता. म्हणजे जाळीच्या खिडकीत बसून कुठली गाडी कधी सुटणार ते ठरवणारा आणि भोंग्यावर पुकारणारा. तीस-बत्तीस वर्षं त्यानं हेच केलं. इंदापूरला किती, बार्शीला किती, भिगवणला चहाला गाडी थांबली तर किती, हे सगळं त्याच्या डोक्यात. घरात बायको विचारायची, "भाकरी कवा वाढू?" तर हा म्हणायचा, "एक पंधराची वाढ." एक पंधराची! जशी काही भाकरी फलाटाला लागणार आहे.

रिटायर झाल्यावर काही माणसं देवाला लागतात, काही सुनेच्या मागं लागतात. हिंदुराव मयतीला लागला. हसू नका, प्रत्येक गावात असा एक माणूस लागतोच. बांबू कुठून आणायचे, मडकं कोण धरणार, लाकडं किती लागतील, रडणाऱ्या घराला यातलं काही सुचत नाही. हिंदुराव यायचा, चप्पल बाहेर काढायचा, मयताच्या पायाला हात लावायचा आणि ओट्यावर येऊन पहिला प्रश्न विचारायचा, "लांबचा कोन?"

हा प्रश्न कशासाठी ते सांगतो. आमच्याकडे मयताचा निरोप वेळेसकट द्यायचा असतो. नुसतं 'अमका गेला' म्हणून भागत नाही. 'माती किती वाजता' हे त्याच दमात सांगावं लागतं, नाहीतर पाहुण्यानं निघायचं कधी? दौंडचा माणूस लवकर आला तर उन्हात ताटकळतो आणि बारामतीचा उशिरा आला तर त्याला नुसती राख दिसते. म्हणून लांबचा कोण ते विचारायचं, त्याला पोचायला किती वेळ लागेल ते धरायचं, वर थोडा वेळ ठेवायचा आणि वेळ पुकारायची. मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावर एकदा वेळ गेली की गेली. मग ती कोणी मागं घेत नाही. हिंदुराव डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा आणि डोळे उघडून वेळ सांगायचा. कधी चुकला नाही. माणसं म्हणायची, "हिंदुरावाची येळ हाय, जेवून निघू नका." इतका विश्वास.

पुढं गावाची पोरं लांब लांब गेली. कोणी बंगळूरला, कोणी हैदराबादला, एक तर पार दुबईला. आता लांबचा माणूस एस.टी.नं यायचा बंद झाला, विमानानं यायला लागला आणि हिंदुरावाची पंचाईत झाली. तेव्हा आमच्या शेजारच्या अनिरुद्धनं त्याला फोनवर एक जागा दाखवली. हा अनिरुद्ध खराडीला कंपनीत आहे, हुशार पोरगा. त्या जागेवर दोन विमानतळांची नावं टाकायची की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ येतो. अहो, काय सांगू तुम्हाला, त्या संध्याकाळी हिंदुरावानं त्या पोराचा जीव खाल्ला.

"पुनं-नागपूर टाक."

"दीड तास, काका."

"दीड? आन् पुनं-दिल्ली?"

"सव्वादोन."

"आरं, आमाला सोलापूरला पाच तास लागत्यात रं! पुनं-कलकत्ता टाक!"

अनिरुद्धनं सांगितलं होतं बरं का, मी तिथंच बसलो होतो. म्हणाला, "काका, हा फक्त फ्लाइंग टाइम आहे. सरळ रेषेत काढलेला. खरा प्रवास वेगळा असतो." हिंदुराव म्हणाला, "मंग रनिंग टाइमच की. मला काय शिकिवतो? घरापास्नं स्टॅण्ड एक तास, इकडं स्टॅण्डापास्नं घर एक तास, मधी रनिंग. झालं." विमानतळाला तो शेवटपर्यंत स्टॅण्डच म्हणत राहिला. आणि तुम्हाला सांगतो, दोन-तीन मयतींना त्याचा हा हिशेब बरोबरही आला. बंगळूरहून दिवसाला हवी तितकी विमानं, पोरं पोचली वेळेत. मग काय, दोन हजार मैलांवरचं गावसुद्धा त्याला शेजारच्या लोणी-काळभोरच्या जरा पलीकडं दिसायला लागलं.

आता उत्तरेश्वराकडे येतो.

उत्तरेश्वर हा हिंदुरावाचा लहानपणापासूनचा सोबती. शाळेत एका पाटावर बसलेले. उसाच्या रोपवाटिकेत कामाला होता. बोलायला तिखट, मनानं साखर. भर चावडीवर हिंदुरावाला शिव्या घालणारा हा एकटाच. बाकी आम्ही हिंदुराव म्हणेल त्याला मान डोलावणारे. उत्तरेश्वर मात्र म्हणायचा, "गप ए कंट्रोलर! तुझी गाडी गेली केव्हाच." आणि मग हिंदुराव हसायचा. बायको लवकर गेलेली, एकच लेक, निशा. विधवा बहीण वेणूबाई घर बघायची. निशा शिकली, बँकेत लागली आणि बदलीवर गेली थेट गुवाहाटीला. बाप रोज संध्याकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोलायचा. फोन इतका जवळ धरायचा की तिला बापाचं नुसतं कपाळ दिसायचं. ती म्हणायची, "बाबा, लांब धरा, चेहरा दिसू दे." हा म्हणायचा, "चेहऱ्यात काय बघायचंय, सुट्टीला ये आणि बघ."

गेल्या मे महिन्यात एके पहाटे उत्तरेश्वरानं चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच गॅसपुढं खाली बसला. वेणूबाईला वाटलं काही सांडलं म्हणून पुसतोय. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हिंदुराव आला. चप्पल काढली. पायाला हात लावला, पण या वेळी हात लगेच उचलला नाही. मग स्वतःला ओढून काढल्यासारखा ओट्यावर आला आणि घसा खाकरून म्हणाला, "लांबचा कोन?"

लांबचं कोण ते त्यालाही माहीत होतं. निशाला फोन गेला होता आणि ती नुसतं "निघाले" म्हणाली होती. अनिरुद्धनं फोनवर दोन नावं टाकली. साधारण दोन हजार किलोमीटर, सव्वातीन तास. हिंदुरावानं डोळे मिटले. आता निघाली, एक तास तिकडचा, एक इकडचा, मध्ये सव्वातीन. दुपारी दारात. वर आणखी तीन-साडेतीन तास धरू, लेक आहे, रडायला वेळ पाहिजे. डोळे उघडून म्हणाला, "चार."

अनिरुद्ध म्हणाला, "काका, तिला तिकीट मिळू दे, मग पुकारू."

"निरोप थांबतो व्हय? इंदापूरवाल्यांनी निघायचं कवा?"

पाच मिनिटांत भोंगा वाजला. उत्तरेश्वर गेला, माती चार वाजता, मांजरी घाट.

नऊच्या सुमाराला निशाचा फोन आला. थेट विमान निघून गेलं होतं. जागा मिळाली ती दिल्लीवरून. दिल्लीत उतरायचं, तिथं बसून राहायचं आणि दुसऱ्या विमानानं संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "काका, प्लीज थांबा माझ्यासाठी. मला फक्त बाबांचा चेहरा बघायचाय." बाकी काही मागितलं नाही तिनं. अग्नी मी देईन म्हणाली नाही, काही नाही. फक्त चेहरा.

फोन बंद झाल्यावर हिंदुरावानं अनिरुद्धला विचारलं, "दिल्ली? दिल्ली कशी काय वाटंत येती? तू तर सरळ रेघ दावली हुतीस."

"काका, त्या रेघेवर आज दुसरं विमान नाहीये. सगळी फुल आहेत."

"सीट न्हाय? मंग उभ्यानं यायचं की! मरनाला जाताना कोन सीट बघतं?"

खरंच म्हणाला. मयताच्या घरी माणसं तोंडावर उपरणं धरून हसली. मीही हसलो. पण हिंदुराव हसत नव्हता. त्याला ते खरंच उमगत नव्हतं. त्याच्या आयुष्यात गाडीत जागा नाही म्हणून कोणी मागं राहिलं नव्हतं. टपावर बसून आली असतील माणसं, पण आली.

त्यानंतर त्यानं उत्तरेश्वराला अंघोळ घातली. कोणाला हात लावू दिला नाही. पाणी कोमट आहे का ते मनगटावर ओतून बघितलं, लहान पोराला घालताना बघतात तसं. दाढीचे खुंट राहिले होते, न्हाव्याला बोलावून ते काढवले. डोक्यावर टोपी ठेवली, ती जराशी तिरकी, उत्तरेश्वर ठेवायचा तशी. मी दारातून बघत होतो.

अनिरुद्ध म्हणाला, "काका, खराडीत शवपेटी मिळते, बर्फाची. तासाभरात येईल. घाटावर आता लाइटसुद्धा आहेत."

"उत्तरेश्वर काय आइस्क्रीम हाय व्हय?"

वेणूबाई आतून उठून आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "हिंदुराव, जन्मात तुमच्याकडं काही मागितलं नाही. पोरीला तोंड बघू द्या."

"येनूताई, चारशे मानूस उन्हात हुबा हाय. दिवस मावळायच्या आत झालं पायजे. चार पुकारलंय."

"पुकारलंय तर काय झालं? सरकारी गाडी आहे का ती?"

आम्ही कोणीच काही बोललो नाही. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणीतरी बोलेल. आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा हिंदुराव उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाला, "उचला."

अनिरुद्धनं अग्नी दिला. तो उत्तरेश्वराच्या चुलतभावाचा मुलगा, त्यामुळं मान त्याच्याकडं. तुम्ही आमच्या घाटावर कधी उभे राहिला असाल तर नदीपलीकडून लोहगावला उतरणारी विमानं दिसतात. पोट दाखवत खाली येतात. त्या संध्याकाळी एक विमान दिसलं की सगळ्यांच्या माना वर जायच्या. माहीत होतं सगळ्यांना की तिचं नाही, तिचं अजून वाटेतच असेल. तरी बघत होतो. मग एकेक पाहुणा गाडीला लागला. शेवटी कवटी फुटेपर्यंत थांबायला हिंदुराव, अनिरुद्ध आणि मी उरलो. फुटल्यावरसुद्धा हिंदुराव हलेना.

दिवस मावळताना निशा आली. विमान वेळेवर उतरलं होतं, रस्त्यात मुंढव्याच्या पुलाशी अडकली. घरी गेलीच नाही, रिक्षा थेट घाटावर. चाकांची बॅग होती, ती वाळूत रुतली, तशीच सोडून पुढं आली. तिथं आता लाल निखारे होते आणि बाजूला बांबूचे तुकडे. रडली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग हिंदुरावाला विचारलं, "काका, चेहरा कुठल्या बाजूला होता?"

हिंदुरावानं दक्षिणेला हात केला. ती त्या बाजूला जाऊन बसली.

माझ्याजवळ हजार गोष्टी आहेत आणि मला त्या सांगायला आवडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण निशाचं हे वाक्य मी एरवी कुठं सांगत नाही.

पुढचे दिवस हिंदुराव रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. सुतकातल्या घरी बसायला जायचं असतं, त्यात काही विशेष नाही. पण इतर माणसं थोडा वेळ बसून उठतात, हा दुपारपर्यंत बसायचा. वेणूबाई आतून निशाला ओरडून सांगायच्या, "चहा दे गं त्यांना. वेळेवर दे हो, एक मिनिट इकडंतिकडं नको." निशा कप आणून ठेवायची. हिंदुराव तो चहा गार होईपर्यंत बघत बसायचा आणि मग एका घोटात पिऊन टाकायचा. गावात आणखी एक मयत झाली त्या आठवड्यात, पोपट नावाच्या एका पोराची आई. पोरं हिंदुरावाला बोलवायला आली. त्यानं नाही म्हणून मान हलवली. पोपट म्हणाला, "काका, नुसती वेळ तरी सांगा." तर म्हणाला, "घड्याळ बघता येतं न्हवं तुला? तूच ठरव."

मग दहावा. आमच्याकडं दहाव्याला सगळं गाव घाटावर लोटतं, मंडप असतो, प्रवचन असतं, पुढारी येऊन श्रद्धांजलीची भाषणं करतात. उत्तरेश्वराबद्दल त्या दिवशी इतकं चांगलं बोललं गेलं की तो ऐकता तर म्हणाला असता, चुकीच्या मंडपात आलोय मी. भाषणं संपली, पिंड मांडले आणि सगळे मागं सरून उभे राहिले, कावळ्याला वाट द्यायला.

कावळे होते. पिंपळावर पाच-सहा बसले होते. एक खाली उतरला, दोन पावलं चालला आणि परत गेला.

मग नेहमीप्रमाणं सुरू झालं. मयताची काही इच्छा राहिली असली तर ती पुरी करायचं वचन देतात, मग कावळा शिवतो. अनिरुद्ध पिंडांपुढं हात जोडून म्हणाला, "काका, आत्याला मी सांभाळीन." नाही. वेणूबाई म्हणाल्या, "निशाचं लग्न तिच्या मनासारखं होईल, आम्ही आडवे येणार नाही." नाही. कोणी म्हणालं पारायण घालू, कोणी म्हणालं रोपवाटिकेत त्याच्या नावानं झाड लावू. ऊन चढत चाललं. कोणीतरी मागून पुटपुटलं, "आता दर्भाचा करा कावळा आणि लावा." आणि हळूहळू एकेक नजर हिंदुरावाकडं वळायला लागली. राहिलेलं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं वचन आता कोण काय देणार?

हिंदुराव गर्दीच्या मागच्या कडेला उभा होता. वाट आपोआप झाली. तो पुढं आला, पिंडांसमोर उभा राहिला, हात जोडले. जन्मभर भोंग्यावर पुकारलेला आवाज, पण फुटेना.

तेव्हा निशा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाला विचारतात तसं विचारलं, "काका, बाबांना नका सांगू काही. मला सांगा. पाहुणे, ऊन, दिवस मावळणं, हे सगळं मी नऊ दिवस ऐकलंय आत्याकडून. खरं काय ते सांगा. का नाही थांबलात?"

हिंदुरावानं तिच्याकडं बघितलं. मी दोन हातांवर होतो, त्यामुळं त्याचं उत्तर मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं, आणि तेच तुम्हाला जसंच्या तसं सांगतो:

"पोरी, पावण्यांचं काय न्हवतं. इंदापूरवाले सोता म्हनले हुते, आमी ऱ्हातो मुक्कामाला. उनाचंबी न्हाय, पेटी आली असती. तुजा फोन आला तवाच मला कळलं, म्या चुकलो. पर गावाला सांगावं लागलं असतं की हिंदुरावाची येळ चुकली, आता सातला या. ते माज्या तोंडातनं निगंना. येवढ्यापायी तुज्या बापाला चारला न्हेला म्या. शिव्या घालून मला थांबिवनारा गावात येकच मानूस हुता, आन् त्यालाच आमी खांद्यावर घेतला हुता."